कपाळावरचा डिंक

वाशिम जिल्ह्यात रिसोड तालुक्यातल्या रिठदमध्ये बिब्ब्याची भीती कुणाला शिकवावी लागत नाही. बिब्बा फोडताना त्याचे काळे तेल हाताला लागले की तो उततो, फोड येतात, अंग सुजते, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. गाजर गवताचेही तसेच. १९५०च्या दशकात पुण्याच्या परिसरात नोंदले गेलेले हे परदेशी तण विदर्भाच्या बांधाबांधावर पोहोचले आणि निंदणाऱ्या हातांना, मानेला, चेहऱ्याला त्याची बाधा होऊ लागली, तेव्हा गावाने तेही ओळखून घेतले. पण त्याच घरातल्या बाईच्या कपाळावर सकाळपासून रात्रीपर्यंत चिकटून असलेल्या टिकलीच्या मागे कोणता डिंक आहे, हे तिला माहीत नसते. कटलरीच्या दुकानदारालाही माहीत नसते. टिकल्यांच्या पाकिटावर बहुधा रंग, आकडा आणि किंमत असते, डिंकाविषयी एक अक्षर नसते.

टिकलीमुळे होणारा त्रास दोन प्रकारचा आहे. पहिला लगेच ध्यानात येतो. टिकलीखाली खाजते, कपाळ लाल होते, बारीक पुरळ उठते, पुढे कातडी जाड आणि खरखरीत होते. दुसरा प्रकार फसवा आहे. त्यात अनेकदा खाजही नसते. एके दिवशी टिकली काढल्यावर तिच्याच मापाचा पांढुरका ठिपका दिसतो आणि महिन्या-दोन महिन्यांत तो ठळक होतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना हा प्रकार नवा नाही. पंढी आणि कुमार या डॉक्टरांनी टिकली आणि पादत्राणे यांमुळे कातडीचा रंग जाण्याविषयी १९८५ मध्येच लिहिले होते. पुढे १९९० मध्ये अलाहाबादचे डॉ. ए. के. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट कारणावर बोट ठेवले. टिकलीच्या डिंकात मोकळे राहिलेले पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल हे रसायन रंग घालवते, असे त्यांनी दाखवून दिले. लांबलचक नावामुळे त्याला पीटीबीपी म्हणतात. म्हणजे ही माहिती वैद्यकीय नियतकालिकांत पडून किमान ३५ वर्षे झाली आहेत. ती रिठदच्या दुकानापर्यंत आलेली नाही, आमची तक्रार एवढ्याचसाठी आहे.

हे रसायन डिंकात येते कुठून, ते समजून घेतले पाहिजे. पीटीबीपी आणि फॉर्मल्डिहाइड यांच्या संयोगातून एक राळ तयार करतात. कृत्रिम रबरात ती मिसळली की घामाला, पाण्याला आणि ताणाला दाद न देणारा डिंक मिळतो. चपला-बुटांचे तळ, घड्याळांचे पट्टे, चामड्याच्या पिशव्या यांना तो चांगला चालतो. संयोग पूर्ण झाला नाही तर काही पीटीबीपी तसेच मोकळे राहते. उन्हाने तापलेल्या, घामाने भिजलेल्या कपाळावर ते डिंकातून सुटून कातडीत उतरते. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि बाई त्याच उन्हात शेतात असते. तिच्या कपाळावर या रसायनाला यापेक्षा सोयीची परिस्थिती कोणती?

कातडीला रंग देणाऱ्या पेशी टायरोसीन नावाच्या द्रव्यापासून रंगद्रव्य बनवतात. त्यासाठी त्यांच्याकडे एक विकर असते. पीटीबीपीची घडण टायरोसीनशी इतकी मिळतीजुळती आहे की ते विकर फसते आणि त्याच्यावर काम करू लागते. त्यातून पेशीच्या आतच विषारी द्रव्ये तयार होतात आणि पेशी मरते. रंग बनवणारी पेशीच गेल्यावर कातडी पांढरी पडते. ब्रिटनमध्ये हे रसायन बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या अंगावर असेच डाग आढळले होते. त्याचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ने १९७७ मध्ये छापला. म्हणजे कारखान्यातल्या माणसांना ज्याने इजा केली, त्याचाच अंश पुढे बायकांच्या कपाळांवर आला.

खाजेची, पुरळाची वाट वेगळी आहे. ती शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीतून जाते. डिंकातला एखादा घटक कातडीत शिरतो, तेव्हा पहिल्यांदा काहीच होत नाही. शरीर फक्त त्याची ओळख पटवून ठेवते. कधी ही ओळख दोन आठवड्यांत पक्की होते, कधी अनेक वर्षांच्या वापरानंतर. एकदा ती पक्की झाली की पुढच्या प्रत्येक स्पर्शानंतर एक ते तीन दिवसांनी कातडी पेटते. मधल्या या अंतरामुळेच खरे कारण सापडत नाही. ‘इतकी वर्षं हीच टिकली लावते, तेव्हा काही झालं नाही’ असे बाई खरेपणाने सांगते, आणि दोष वांग्याच्या भाजीला, मसुरीला किंवा अंगातल्या उष्णतेला दिला जातो. पथ्य सुरू होते, टिकली मात्र कपाळावरच राहते.

या प्रश्नाचे आकारमान सांगणारा एक चांगला अभ्यास कोलकात्यात झाला. डॉ. संजय घोष आणि डॉ. सिप्रा मुखोपाध्याय यांनी रसायनांमुळे कातडीचा रंग गेलेल्या ८६४ रुग्णांची पाहणी करून २००९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यात केसांचा कलप सर्वांत वर होता. चिकटणारी टिकली १२ टक्के रुग्णांत कारणीभूत ठरली, रबरी चपला ९.४ टक्क्यांत. खाज फक्त पाचातल्या सुमारे एका रुग्णाला होती. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा असा आहे, कारण खाज नाही म्हणून टिकलीवरचा संशय दूर करणाऱ्यांची संख्या मोठी असते.

आता या डागाच्या सामाजिक बाजूकडे यावे लागेल, कारण गावात खरे दुःख तिथे आहे. कपाळाच्या मधोमध पांढरा ठिपका दिसला की घरात पहिला शब्द उच्चारला जातो तो कोड. मुलगी लग्नाची असेल तर तो शब्दही दार लावून बोलला जातो. स्थळ पाहायला येणाऱ्यांपासून डाग लपवायची तयारी होते, कुणी मांत्रिकाकडे नेते, कुणी तेलाच्या बाटल्या आणते. वास्तविक कोड असले तरी ते संसर्गजन्य नाही, त्याचा पापपुण्याशी संबंध नाही आणि ते घेऊन माणसे उत्तम संसार करतात. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी श्वेता असोसिएशनच्या माध्यमातून हेच सांगण्यासाठी वर्षानुवर्षे काम केले आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००६ चा ‘नितळ’ हा चित्रपटही याच विषयावर आहे. पण टिकलीच्या डागात आणखी एक गोष्ट आहे. तो अनेकदा कोड नसतोच. तो रसायनाने दिलेला डाग असतो, आणि रसायन वेळीच दूर केले तर पुष्कळ जणींच्या कातडीचा रंग हळूहळू परत येऊ शकतो. काहींचा येत नाही. काहींच्या अंगात मुळात कोडाचा कल असेल तर डाग इतरत्रही पसरू शकतात. म्हणूनच वेळ महत्त्वाची आहे.

आणि नेमकी वेळ वाया जाते ती एका अगदी स्वाभाविक कृतीमुळे. डाग दिसला की बाई तो झाकते. झाकायला सर्वांत जवळची वस्तू कोणती, तर थोडी मोठी टिकली. मोठ्या टिकलीला डिंकही अधिक. तो आता डागाच्या कडेच्या निरोगी कातडीवर बसतो. डाग वाढतो, मग त्याहून मोठी टिकली येते. लाजेपोटी केलेला हा उपाय आजाराला खतपाणी घालतो, आणि बाईला ते सांगणारे जवळ कुणी नसते. नवरा, सासू, शेजारीण यांना वाटते की तिला मोठी टिकली आवडू लागली. या लेखातले एकच वाक्य कुणी घरी सांगणार असेल तर ते हे सांगावे: डागावर टिकली लावू नका, मोठी तर मुळीच नको.

मात्र ‘टिकली लावू नका’ एवढे सांगून मोकळे होणाऱ्या डॉक्टरांनीही थोडे थांबले पाहिजे. सवाष्ण बाईचे मोकळे कपाळ हा आपल्या गावांत साधा विषय नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बायका बोलतात, बाहेरचे विचारतात, आणि बाई आठ दिवसांत पुन्हा पाकीट उघडते. सल्ल्याबरोबर पर्याय द्यायला हवा, आणि तो आपल्याकडे होता. आज साठी-सत्तरीत असलेल्या बायकांनी टिकली येण्याआधी करंड्यातले मेण बोटाने कपाळाला लावून त्यावर कुंकू टेकवले आहे. जुने कुंकू हळदीवर लिंबाचा रस आणि टाकणखार यांची प्रक्रिया करून बनत असे. वाशिम जिल्ह्यात हळद पिकते. चांगल्या हळदीचे कुंकू बचत गटाच्या बायकांनी बनवून इथल्याच बाजारात विकावे, ही कल्पना आम्हाला अजिबात दूरची वाटत नाही.

इथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. बाजारात मिळणारे सगळे कुंकू हळदीचे नसते. पुष्कळ कुंकवात कृत्रिम रंग असतात आणि त्या रंगांचीही बाधा होते. पाँडिचेरीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी सौंदर्यप्रसाधनांमुळे होणाऱ्या त्रासाचा अभ्यास केला, तेव्हा त्यात कुंकवाचे रुग्ण मोठ्या प्रमाणात निघाले. त्यामुळे नवे कुंकू थेट कपाळाला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. तिथे लाली किंवा खाज आली तर ते कुंकू बाजूला ठेवावे. टिकलीच्या बाबतीत मात्र अशी घरगुती चाचणी करू नये. ज्या टिकलीने डाग पडला ती हातावर लावून पाहिली तर हातावरही डाग पडू शकतो.

ज्यांना कसलाच त्रास नाही त्यांनी टिकली टाकून द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. कोट्यवधी स्त्रिया ती वापरतात आणि बहुतेकींना काही होत नाही. पण रात्री झोपताना ती काढून ठेवावी, आरशाला चिकटवलेली जुनी टिकली घामट कपाळाला पुन्हा पुन्हा लावू नये, कपाळावर उरलेला डिंक खरवडून न काढता खोबरेल तेलाने मऊ करून पुसावा आणि घरी असताना कपाळाला मोकळीक द्यावी. लहान मुलींना नटवताना विशेष जपावे. शरीराने एखाद्या रसायनाशी एकदा वैर धरले की ते बहुधा जन्मभर टिकते, मग दहाव्या वर्षी ते कशाला जोडून द्यायचे?

टिकलीविषयी एवढे लिहिले, कारण ती चेहऱ्यावर असते. पायांकडे तेवढे लक्ष जात नाही. रबरी स्लिपरचा पट्टा जिथे बसतो तिथे इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे पांढरे किंवा काळपट पट्टे पुष्कळ पायांवर दिसतात. तिथे डिंकाबरोबर रबरातलीही रसायने असतात. अमेरिकेत १९३९ मध्ये चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात रबरी हातमोज्यांमुळे पांढरे पडले होते. रबर टिकावे म्हणून घातलेले एक रसायन त्यामागे निघाले. रसायनामुळे रंग जातो हे जगाला ठळकपणे कळले ते त्या घटनेपासून. पायावर असे पट्टे दिसू लागले तर पट्ट्याला आतून सुती कापड शिवून घेणे हा तात्पुरता उपाय आहे, चपलेचा प्रकार बदलणे हा खरा.

शेतात आणखी एक डिंक येतो. मोटारीची, पाइपाची गळती बंद करायला दोन रंगांच्या लगद्याच्या कांड्या मिळतात. शेतकरी त्या उघड्या बोटांनी मळतो. हा लगदा म्हणजे इपॉक्सी. वाळून दगडासारखा झाल्यावर तो निरुपद्रवी असतो, पण ओला असताना कातडीला बाधा करणाऱ्या घटकांत त्याचा क्रमांक वरचा आहे. साधी प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून तो मळला तरी भागते. टाचांच्या भेगांत झटपट चिकटणारा डिंक भरण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याविषयी तर हात जोडूनच सांगावे लागेल. दवाखान्यात जखमा चिकटवायला त्या जातीचे खास डिंक वापरतात हे खरे, पण ते शरीरासाठी वेगळे बनवलेले असतात. लाकूड-प्लॅस्टिक जोडायचा डिंक कातडीला पोळतो, सुती कापडावर सांडला तर तापतो, आणि भेगेत मातीसकट बंद झालेली घाण आत पिकते. मधुमेह असलेल्या माणसाने असे केले तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

जखमेवरच्या चिकटपट्टीत पूर्वापार चीड वृक्षाची राळ वापरली जाते, तिचीही बाधा काहींना होते. पट्टीच्या चौकोनाच्या बरोबर आकाराची लाली उठली तर पुढच्या वेळी नर्सताईंना तसे सांगावे, कागदी चिकटपट्टी किंवा नुसते सुती बँडेज बांधून घ्यावे. पुण्या-मुंबईत आणि परदेशात मधुमेहाचे रुग्ण दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावतात, त्याच्या डिंकातल्या आयसोबॉर्निल ॲक्रिलेट या घटकामुळे अनेकांना त्रास झाला. २०१७ मध्ये त्याचे वृत्तांत आले आणि अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये त्या घटकाला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ म्हणून जाहीर केले. तिथे घटक शोधता आला, त्याचे नाव घेता आले, म्हणून उत्पादकांना जाब विचारता आला.

टिकलीच्या बाबतीत अडते ते नेमके इथेच. जपानमध्ये २०१३ मध्ये एक मोठे प्रकरण घडले. गोरे दिसण्यासाठी विकल्या जाणाऱ्या प्रसाधनांतल्या रोडोडेनॉल या घटकामुळे हजारो स्त्रियांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे डाग पडले. तो घटक पीटीबीपीच्याच रासायनिक कुळातला. तिथे सरकारची मंजुरीही होती, म्हणजे मंजुरी हा सर्वस्वी भरवसा नव्हे. पण घटकाचे नाव माहीत होते, तो कोणकोणत्या उत्पादनांत आहे याची यादी होती. म्हणून कारण स्पष्ट झाल्यावर ५४ उत्पादने एकदम परत मागवता आली आणि स्त्रियांना नेमके काय थांबवायचे ते सांगता आले. आपल्याकडे उद्या एखाद्या गठ्ठ्यातल्या टिकल्यांनी वाशिम-हिंगोलीतल्या शंभर बायकांचे कपाळ पांढरे केले, तर परत काय मागवणार? सुटे कागद विकणाऱ्या दुकानदाराला माल कुणाचा हेही सांगता येणार नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. शोभेसाठी, रूप बदलण्यासाठी शरीराला लावली जाणारी वस्तू सौंदर्यप्रसाधन, अशी त्यातली व्याख्या आहे. कपाळावरची टिकली या व्याख्येत बसायला कुणाचीच हरकत नसावी. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार प्रसाधनाच्या वेष्टनावर घटक छापावे लागतात. कुंकू, टिकली, शेंदूर, अळता यांना वस्तू व सेवा करातून सूट देताना सरकारने टिकलीचे घराघरातले स्थान ओळखले होते. तेच स्थान ओळखून तिच्या डिंकाचा प्रकार पाकिटावर मराठीत छापायला लावणे, आणि मोकळ्या पीटीबीपीसाठी बाजारातले नमुने अधूनमधून तपासणे, हे अन्न व औषध प्रशासनाच्या आवाक्याबाहेरचे काम नाही. टिकलीचा धंदा लहान कारागिरांचा आहे, घरोघरी बायका कागदावर टिकल्या लावून पोट भरतात, नियमांनी ते बुडतील, असा आक्षेप येईल. तो गंभीरपणे घ्यायला हवा. पण डिंक हे कारागीर घरी बनवत नाहीत, तो तयार येतो. बंधन डिंक बनवणाऱ्यावर आणि पुरवणाऱ्यावर आले तर लहान हातांना झळ बसणार नाही. उलट त्या बायकांची बोटेही वाचतील.

वाशिममध्ये २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आजवर अकोल्याच्या फेऱ्या मारणाऱ्या लोकांसाठी ही मोठी सोय आहे. तिथल्या त्वचारोग विभागाने पॅच टेस्टची सोय सुरुवातीपासून ठेवावी, अशी आमची मागणी आहे. १८९५ मध्ये यादासोन या डॉक्टरांनी जगापुढे मांडलेली ही चाचणी आजही या आजारांचे कारण शोधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. संशयित घटकांचे बारीक ठिपके पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात आणि मग दोन वेळा पाहतात. महागडी यंत्रे लागत नाहीत, लागतो तो वाचणारा अनुभवी डोळा. भारतासाठी ठरवलेल्या घटकसंचात राळ आणि इपॉक्सी दोन्ही आहेत. टिकलीच्या संशयासाठी पीटीबीपीची राळ संचात नसेल, तर ती वेगळी मागवून त्यात जोडावी. विभागाने जिल्ह्यातल्या अशा रुग्णांची साधी नोंदवही ठेवली, तर पाच वर्षांनी वाशिमकडे स्वतःचे आकडे असतील आणि अन्न व औषध प्रशासनासमोर ते ठेवता येतील.

तोवर गावपातळीवर आशाताईंचा आधार मोठा आहे. कुष्ठरोग शोधमोहिमेत त्या घरोघरी अंगावरचे डाग तपासतात. फिकट डागावर स्पर्श कळत नसेल तर तो टिकलीचा समजून घरी बसू नये, लगेच आरोग्य केंद्र गाठावे. कुष्ठरोगाचा उपचार मोफत आहे आणि हा रोग पूर्ण बरा होतो. स्पर्श कळतो, पण टिकलीच्या, चपलेच्या पट्ट्याच्या किंवा चिकटपट्टीच्या मापाचाच डाग आहे, तर पहिले काम ती वस्तू थांबवण्याचे. मेडिकलमधून मागून आणलेली, स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब चेहऱ्याला चोळू नये. खाज दोन दिवस थांबते, पण कातडी पातळ पडते आणि पुढचा उपचार अवघड होतो. वस्तू थांबवूनही दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही, किंवा डाग वाढला, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. जाताना टिकल्यांचे ते पाकीट, वापरातली चप्पल, लावलेल्या मलमाची ट्यूब असे सगळे पिशवीत घालून सोबत न्यावे, आणि कपाळ झाकून नव्हे, उघडे ठेवून जावे.